फुकट साधनांवर धंदा उभा करताना काय उधार घ्यावं आणि काय स्वतःच्या नावावर ठेवावं

छोटा धंदा सुरू करताना लागणारं कागदोपत्री काम आज जवळजवळ सगळं विनाखर्च होतं. हिशेब, ग्राहकांची नोंद, भेटीच्या वेळा, जाहिरातीची चित्रं, नकाशावरची जागा, वेबसाइट, ग्राहकांशी संदेशांची देवाणघेवाण, या प्रत्येकासाठी एक ना एक फुकट साधन उपलब्ध आहे. अडचण साधनं शोधण्याची नाहीच. 'धंद्यासाठी पन्नास फुकट ॲप' अशा याद्या हव्या तितक्या मिळतात, आणि त्या वाचून नवा माणूस दहा ठिकाणी खाती उघडतो, दहा पासवर्ड करतो आणि पहिला ग्राहक येण्याआधीच दमून जातो. कोणतं साधन किती दिवस वापरायचं आणि त्यावर किती विसंबायचं, हे त्या याद्यांत नसतं. ते कळायचं तर आधी ही साधनं फुकट का असतात ते पाहावं लागेल.

सॉफ्टवेअर एकदा तयार झालं की आणखी एक माणूस ते वापरू लागल्याने कंपनीचा खर्च फारसा वाढत नाही. म्हणून अनेक कंपन्या मूळ साधन सगळ्यांना फुकट देतात आणि जास्त सोयी हव्या असणाऱ्या थोड्या लोकांकडून पैसे घेतात. त्या थोड्यांच्या पैशावर बाकीच्यांचं भागतं. हा व्यवहार सरळ आहे, पण फुकट वापराची मर्यादा कुठे आखायची हे कंपनी ठरवते आणि ती रेघ पुढेमागे सरकवू शकते. ग्राहकांना ईमेल पाठवणाऱ्या मेलचिंपने २००९ मध्ये फुकट योजना आणली. अनेक वर्षं २,००० संपर्कांपर्यंत पैसे लागत नसत. २०२१ मध्ये इंट्युइट या सॉफ्टवेअर कंपनीने ही कंपनी विकत घेतली आणि पुढे ती मर्यादा ५०० संपर्कांवर आली. ज्यांची यादी मधल्या आकाराची होती त्यांच्यापुढे एकाएकी दोनच वाटा उरल्या: पैसे भरा नाहीतर दुसरीकडे जा.

दुसरा प्रकार जाहिरातीवर चालणाऱ्या साधनांचा. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर पान उघडायला काही लागत नाही, कारण तुमच्या ग्राहकांचं लक्ष तिथे विकलं जातं. तुमची पोस्ट किती जणांना दिसेल हे त्यांचं गणित ठरवतं. तिसरा प्रकार कमिशनचा: दुकानाचं पान फुकट, पैसे स्वीकारण्याची सोय फुकट, पण प्रत्येक विक्रीमागे काही टक्के कापले जातात. विक्री नाही तर खर्चही नाही, त्यामुळे सुरुवातीला ही पद्धत सोयीची पडते. मात्र किंमत ठरवताना ते टक्के धरायला हवेत. बरेच जण ते विसरतात आणि महिनाअखेर नफा कुठे गेला ते शोधत बसतात.

चौथा प्रकार मला सगळ्यांत जवळचा वाटतो: मुक्त सॉफ्टवेअर. वेबसाइटसाठी २००३ मध्ये आलेलं वर्डप्रेस, पत्रं आणि हिशेबासाठी २०१० पासूनचं लिब्रेऑफिस, चित्रांसाठी गिंप आणि इंकस्केप. यांचा परवानाच असा आहे की वापरण्याचा, बदलण्याचा आणि धंद्यासाठी उपयोग करण्याचा हक्क तुम्हाला मिळतो आणि तो नंतर कोणी काढून घेऊ शकत नाही. मोबदल्यात शिकण्याची मेहनत आपली. अडलं तर हक्काने फोन करावा असा कोणी नसतो, आणि वर्डप्रेस स्वतः चालवायचं तर ते ठेवायला सर्व्हरवर जागा घ्यावी लागते.

आता एक धंदा डोळ्यांसमोर घेऊ. एकजण ग्राहकाच्या घरी जाऊन सायकली दुरुस्त करून देणार आहे. हातात कसब आहे, अवजारं आहेत, दुकान नाही. त्याला पहिल्या दिवशी काय लागेल?

वेबसाइट नक्कीच नाही. लोगोही नाही. त्याला आधी हे कळायला हवं की घरी येऊन सायकल दुरुस्त करून घ्यायला लोक पैसे देतील का, आणि देणार असतील तर कोणत्या कामाला. फुकट साधनांचा खरा फायदा इथेच आहे. पूर्वी हा प्रश्न विचारायलाच भांडवल लागायचं, कारण जागा, माल, पाटी हे सगळं केल्याशिवाय कोणी आत डोकावत नसे. आता तो प्रश्न जवळजवळ विनाखर्च विचारता येतो. १९९९ मध्ये निक स्विनमर्न यांनी ऑनलाइन बूट विकण्याची कल्पना तपासली ती माल न भरता: जवळच्या दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून वेबसाइटवर टाकले आणि मागणी आली की तो जोड दुकानातून विकत घेऊन पाठवला. त्यातून झॅपोस ही कंपनी उभी राहिली. २००८ मध्ये शिकागोत सुरू झालेली, सवलतीची कुपनं विकणारी ग्रुपॉन तर आधी वर्डप्रेसवरचा एक साधा ब्लॉग होती. रोज एक सवलत तिथे लिहायची आणि कुपनाच्या पीडीएफ फाइली ईमेलने पाठवायच्या, एवढ्यावर काम चाललं होतं. मोठी यंत्रणा नंतर आली, मागणी दिसल्यावर.

म्हणून आपल्या सायकलवाल्याने पहिल्या दिवशी दोनच गोष्टी कराव्यात: गूगल फॉर्म्सवर एक छोटा फॉर्म आणि त्याला जोडलेलं एक शीट, म्हणजे ओळी-रकान्यांचा तक्ता, ज्यात उत्तरं आपोआप जमतात. फॉर्ममध्ये नाव, फोन, परिसर, सायकलचा प्रकार, काय बिघडलंय आणि सोयीची वेळ. याहून जास्त विचारू नये, कारण प्रत्येक वाढीव प्रश्नाला काही लोक गळतात. बिघाडाचा फोटो मागायचा मोह होईल, पण गूगल फॉर्म्समध्ये फाइल जोडायचा प्रश्न ठेवला की भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉग-इन करावं लागतं. ते ज्याच्याकडे नाही किंवा ज्याला ते करायचा कंटाळा येतो, तो ग्राहक तिथेच परत फिरतो. फोटो नंतर संदेशावर मागवावा. फॉर्मची लिंक ओळखीच्या लोकांना आणि परिसरातल्या गटांना पाठवायची आणि वाट पाहायची. कोणीच भरला नाही तर ही माहितीसुद्धा मोलाची आहे, आणि ती मिळवायला काहीही गुंतलेलं नाही.

फॉर्मपेक्षा मी शीटबद्दल जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते धंद्याचं सगळ्यांत ताकदवान फुकट साधन तेच आहे आणि सगळ्यांत कमी वापरलं जाणारंही तेच. १९७९ मध्ये घरगुती संगणकांसाठीचा व्हिसिकॅल्क नावाचा पहिला स्प्रेडशीट प्रोग्राम, म्हणजे अशी शीट चालवणारा प्रोग्राम, आला, तेव्हा तो वापरता यावा म्हणून लोक ॲपलचा संगणक विकत घेऊ लागले होते. आज तेच बळ ब्राउझरमध्ये आयतं मिळतं, आणि आपण त्यात फक्त फोन नंबर लिहून ठेवतो.

शीट उपयोगी पडायचं असेल तर एक शिस्त पाळावी लागते: एका ओळीत एकच काम. एकाच ग्राहकाने तीनदा बोलावलं तर तीन ओळी. रंगवलेले मथळे, जोडलेले चौकोन, मधेच केलेल्या बेरजा हे सगळं टाळायचं, कारण त्यामुळे पुढे हिशेब काढता येत नाहीत. रकाने साधारण असे असावेत: तारीख, ग्राहक, काम, सुट्या भागांचा खर्च, मिळालेले पैसे, प्रत्यक्ष कामाचा वेळ, जाण्यायेण्याचा वेळ आणि ग्राहकाला आपली माहिती कुठून मिळाली. शेवटचे तीन रकाने लोक गाळतात. धंद्याचं भवितव्य मात्र त्या तीनच रकान्यांत लिहिलेलं असतं.

एक महिन्याने या शीटवर पिव्होट टेबल लावायचं. नाव अवघड वाटलं तरी ते एवढंच करतं: सारख्या कामांच्या ओळी एकत्र करून प्रत्येक प्रकाराची बेरीज दाखवतं. मग असं दिसू शकतं की पंक्चरची कामं सगळ्यांत जास्त आली, पण जाण्यायेण्याचा वेळ धरला तर तासाची कमाई त्यातच सगळ्यांत कमी. उलट पूर्ण सर्व्हिसिंग महिन्यात थोडीच आली, पण तासाला दुप्पट-तिप्पट देऊन गेली. हे कळल्यावर निर्णय आपसूक होतो. पंक्चरसाठी किमान शुल्क ठेवायचं किंवा एका भागातली कामं एकाच दिवशी घ्यायची, आणि जाहिरात सर्व्हिसिंगची करायची. 'माहिती कुठून मिळाली' हा रकाना सांगतो की इन्स्टाग्रामवर घातलेले तास कितपत फळले आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगितल्यामुळे किती लोक आले. कोणतंही महागडं सॉफ्टवेअर याहून वेगळं काही करत नाही. ते हेच देखण्या पडद्यावर मांडतं.

मागणी दिसली की पुढची पायरी संदेशांची. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप २०१८ मध्ये आलं. छोट्या धंद्याला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्यात आहेत: सेवांची यादी दाखवणारा कॅटलॉग, नेहमीच्या प्रश्नांना तयार उत्तरं, कामाच्या वेळेबाहेर आपोआप जाणारा संदेश, आणि 'नवा ग्राहक', 'पैसे यायचेत' अशी लेबलं. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेस ॲपवर एकाच वेळी चालत नाही, म्हणून धंद्यासाठी वेगळा नंबर घेतलेला बरा. घरच्या गप्पा आणि ग्राहकांच्या तक्रारी एकाच खिडकीत आल्या की दोन्हीकडे हयगय होते. ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीतून, पाठवलेला संदेश फक्त अशाच लोकांना पोचतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे. त्यामुळे पहिलं काम झालं की नंबर जतन करायची विनंती करावी. बरेच जण आनंदाने करतात.

नकाशावर दिसण्यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल आहे. त्याचं आधीचं नाव गूगल माय बिझनेस, ते २०२१ मध्ये बदललं. दुकान नसेल तरी चालतं. घरपोच सेवा देणाऱ्यांना पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. नोंदणीची पडताळणी व्हिडिओ, फोन किंवा अशाच दुसऱ्या मार्गाने होते. या नोंदणीला पैसे पडत नाहीत, तेव्हा 'तुमची नोंद बंद होणार आहे, शुल्क भरा' असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. ग्राहकांचे अभिप्राय इथे खूप काम करतात. ते मागायला हरकत नाही, पण सवलत किंवा भेट देऊन मागणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि विकतचे अभिप्राय पकडले गेले तर मेहनतीने मिळवलेले खरे अभिप्रायही संशयात येतात.

जाहिरातीच्या चित्रांसाठी २०१३ मध्ये सुरू झालेलं कॅनव्हा बहुतेकांना पुरतं. लोगो करताना मात्र सावध राहावं. तयार साच्यातलं चित्र तुम्हाला मिळतं तसंच इतर कोणालाही मिळतं, त्यामुळे त्यावर ट्रेडमार्क घेता येत नाही, आणि कॅनव्हा हे आपल्या नियमांत सांगतं. धंदा वाढवायची इच्छा असेल तर नावाची अक्षरं आणि साधे आकार स्वतः मांडून केलेला लोगो जास्त टिकाऊ. इंटरनेटवरून घेतलेल्या फोटोंचंही तसंच. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर दिलेली वापराची परवानगी, दिसला म्हणजे सगळं मोकळं असं नसतं. त्यातले काही परवाने व्यावसायिक वापराला मनाई करतात आणि बहुतेकांत मूळ निर्मात्याचं नाव देणं बंधनकारक असतं. सायकलवाल्याने खरं तर स्वतःच्या कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो लावावेत. परवान्याचा प्रश्नच येत नाही आणि ग्राहकाला तेच पाहायचं असतं.

मजकूर लिहायला फुकट एआय चॅटबॉट मदत करतात. सेवेचं वर्णन, तक्रारीला नम्र उत्तर, फॉर्ममधल्या प्रश्नांची भाषा यासाठी ते चांगले आहेत. पण त्यांनी सांगितलेला प्रत्येक आकडा आणि नियम तपासायचा, आणि ग्राहकांची नावं-नंबर त्यात कधीही चिकटवायचे नाहीत. लोकांनी तो तपशील तुमच्यावर भरवसा ठेवून दिलेला असतो.

इतकं सगळं फुकट मिळतंय तर धोका कुठे आहे? तो साधन बंद पडण्यात, बदलण्यात किंवा तुमचं खातं अडकण्यात आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी साधारण सहा तास बंद पडले. ज्यांचं दुकान, जाहिरात आणि ग्राहकांशी बोलणं तिन्ही या तीन जागी होतं, त्यांचा धंदा तेवढा वेळ जगातून नाहीसा झाला. ते सहा तासांत परत आलं. काही गोष्टी परत येत नाहीत. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून एका क्लिकवर फुकट वेबसाइट तयार व्हायची, त्या सगळ्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. वेबसाइटवर किती लोक येतात ते मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सची जुनी आवृत्ती जुलै २०२३ पासून नवी माहिती घेईनाशी झाली आणि पुढच्या वर्षी त्यातली जुनी माहितीही गेली. ज्यांनी ती वेळेत उतरवून घेतली त्यांच्याकडेच उरली. फ्रीनॉम नावाची कंपनी .टीके सारखी डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, फुकट द्यायची. २०२३ मध्ये तिने नवी नोंदणी थांबवली आणि २०२४ मध्ये त्या धंद्यातूनच बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं.

यावर इलाज फुकट साधनं टाळणं हा नाही. भाड्याच्या घरात राहताना आपण भिंती रंगवतो, पण घराची कागदपत्रं घरमालकाच्या कपाटात ठेवत नाही. धंद्यात अशी कागदपत्रं तीन आहेत: तुमचा इंटरनेटवरचा पत्ता, ग्राहकांची यादी आणि खात्यांच्या किल्ल्या.

पत्ता म्हणजे डोमेन नाव. फुकट योजनेत तुम्हाला कंपनीच्या नावाखालचा उपपत्ता मिळतो. तोच पत्ता तुम्ही पावत्यांवर आणि पत्रकांवर छापता, इतर लोक त्याची लिंक देतात, आणि कंपनी बदलायची वेळ आली की ती सगळी ओळख मागे राहते. म्हणून धंदा चालेल असं दिसताच पहिला खर्च स्वतःच्या डोमेनवर करावा. वर्षाला थोडी रक्कम लागते. तो पत्ता मग कुठेही वळवता येतो: आज ब्लॉगरसारख्या फुकट साइटवर, उद्या विकत घेतलेल्या सर्व्हरवर. ग्राहकाला फरक कळतही नाही. वेबसाइटच्या सुरक्षित जोडणीसाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्थेची सेवा फुकट देते, त्यामुळे त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर आधी चौकशी करावी. डोमेन तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर नोंदलेलं आहे ना, हेही पाहा. वेबसाइट करून देणाऱ्याने 'मी घेऊन देतो' म्हणत ते स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं, आणि हे वाद होईपर्यंत कळत नाही.

फुकट साइट निवडताना तिच्या अटींत धंद्याला परवानगी आहे का तेही वाचावं. गिटहब पेजेस हे फुकट वेबसाइट ठेवायचं, तांत्रिक मंडळींचं आवडतं साधन, पण ऑनलाइन धंदा किंवा दुकान चालवण्यासाठी ते वापरायचं नाही असं त्यांच्या नियमांतच आहे. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' ही ओळ बऱ्याच फुकट साधनांत असते, आणि ती नेमकी अटींच्या पानावर असते, जिथे कोणी जात नाही.

दुसरी गोष्ट यादी. तुमच्या पानाला फॉलो करणारे हजार लोक ही यादी नव्हे, कारण त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता दुसऱ्याच्या मालकीचा आहे. नाव, फोन किंवा ईमेल, त्यांनी संदेश पाठवायला दिलेली संमती, आणि हे सगळं तुमच्या फाइलमध्ये: ही यादी. नवं साधन घेण्याआधी एकच चाचणी करा. त्यात दोन खोट्या नोंदी घाला आणि त्या सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढून पाहा. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर, जो कोणत्याही शीटमध्ये उघडतो. नोंदी नीट बाहेर आल्या तर साधन घ्यावं. बाहेर काढायचं बटणच सापडलं नाही, किंवा त्यासाठी पैसे मागितले, तर ते कितीही देखणं असो, सोडून द्यावं. गूगलच्या सेवांमधली माहिती टेकआउट या सोयीतून एकत्र उतरवता येते. महिन्यातून एकदा ती प्रत संगणकावर किंवा वेगळ्या डिस्कवर ठेवायची.

तिसरी गोष्ट किल्ल्या. धंद्यासाठी वेगळं ईमेल खातं उघडा आणि सगळी साधनं त्यालाच जोडा. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू करा. त्यासोबत मिळणारे राखीव कोड कागदावर लिहून ठेवा, कारण फोन हरवला की कोड फोनमध्ये असून उपयोग नसतो. गूगलच्या फुकट खात्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा असते. ती फोटोंनी भरली तर नवीन ईमेल येणंही थांबतं, म्हणजे ग्राहकाची चौकशी तुमच्यापर्यंत पोचतच नाही. आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं, हा नियम २०२३ पासून आहे. एखादं जुनं खातं फक्त पासवर्ड परत मिळवण्यासाठी जोडून ठेवलं असेल तर त्यातही अधूनमधून लॉग-इन करावं.

पैसे कधी भरायचे? साधनाची मर्यादा संपली म्हणून लगेच नाही, आणि जाहिरातीत 'प्रो' दिसलं म्हणून तर अजिबात नाही. शीटमध्ये आणखी एक रकाना घाला: फुकट साधनाच्या तुटपुंजेपणामुळे हाताने करावं लागलेलं काम आणि त्याचा वेळ. भेटीच्या वेळा ठरवायला रोज अर्धा तास संदेशांची ये-जा होत असेल, तर महिन्याचे तितके तास तुमच्या तासाच्या कमाईने गुणा. वेळ ठरवून देणाऱ्या साधनाचं महिन्याचं शुल्क त्याहून कमी निघालं तर घ्यावं, जास्त निघालं तर आणखी काही महिने हाताने करावं. आणि घेताना आधी महिन्याची योजना घ्यायची. वर्षाच्या योजनेवरची सूट मोठी दिसते, पण सुरुवातीच्या वर्षात धंद्याचं स्वरूप इतकं बदलतं की सहा महिन्यांनी तेच साधन लागेल याची खात्री नसते.